एक हात बाळावर

२७ जानेवारी, सोमवार. दासगाव.

आजपासून रोज लिहिणार. बाप झालेल्या माणसाने लिहून ठेवायला पाहिजे. पुढे पोरगा विचारेल, पप्पा तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, तेव्हा पुरावा नको?

शुक्रवारी मुलगा झाला. महाडला. सिझर. रेश्मा बरी आहे. मीही बरा आहे. मला जरा चक्कर आली होती, पण ती उपाशीपोटी असल्यामुळे.

पोराला पहिल्यांदा बघितलं तेव्हा एक गोष्ट लगेच लक्षात आली. नीट धुतलेलं नव्हतं. अंगावर पांढरं पांढरं, कानामागे तर ग्रीस भरल्यासारखं. मी पोलादपूरला वॉशिंग सेंटरवर अख्खा एक सीझन काढलाय. सिमेंटचे ट्रक धुतलेत, कोंबड्यांच्या गाड्या धुतल्यात. धुण्यातलं मला कुणी शिकवू नये. सिस्टरला सांगितलं, कोपऱ्याकोपऱ्यात राहिलंय, थोडा शॅम्पू मारून परत एक हात घ्या. ती म्हणाली, ते चोळून काढायचं नसतं, आपोआप अंगात मुरतं, आणि तुम्ही बाहेर बसा. बसलो. स्टाफशी मी वाद घालत नाही.

संकल्प. एक, पोराच्या स्वच्छतेची जबाबदारी माझी. दोन, एका कामाला हात घातला की ते संपेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही. तीन

तिसरा फार मोठा होता. मध्येच माझ्या मित्राचा, हैबतीचा, फोन आला, विसरलो.

३० जानेवारी, गुरुवार. कापडे.

डिस्चार्ज. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून रेश्मा कापड्याला. ती आणि बाळ जीपमध्ये, मी मागून बाइकवर. पोलादपूरच्या नाक्यावर एक माणूस मधमाश्यांच्या पेट्या घेऊन उभा होता. त्याच्याशी बोललो. फार खोल विषय आहे. राणीमाशी वगैरे. कापड्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच म्हणाल्या, या जावई, बाळ तुमची वाट बघून बघून झोपलं.

रेश्मा मामींसमोर मला अहो म्हणते. मामी आत गेल्या की ओम्या. आज मामी आत गेल्या.

म्हणाली, ओम्या, नीट ऐक. सव्वा महिन्याने मी दासगावला यायला तयार हाय. पण तिकडं बाळाला न्हाऊ घालणार कोण? आत्या गेल्या (म्हणजे माझी आई, तीन वर्षं झाली). घरात तू नि आप्पा (म्हणजे माझे वडील). मला डॉक्टरांनी वाकायला, उचलायला सक्त मनाई केलीय. तर तू शीक. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आपल्या हाताने, मध्ये कुठं न जाता. नाय जमलं तर मी गणपती झाल्यावरच येईन.

मी हसलो. म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, मध्ये कुठं न जाता, हे ऐकलंस ना?

गणपती म्हणजे ऑगस्ट संपला. तोपर्यंत पोरगा मला काका म्हणायला लागेल. पण टेन्शन नाही. ट्रक धुणाऱ्याला पोर किती जड?

२ फेब्रुवारी, रविवार. कापडे.

आज ट्रेनिंग सुरू. इथे तुळजाबाई न्हाऊ घालायला येतात. रेश्मालाही त्यांनीच घातलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, बाप्या माणूस मोरीत काय करतोय गो? रेश्मा म्हणाली, शिकतोय. त्यावर दोघी आणि मामी बराच वेळ हसल्या.

पण आंघोळ नाहीच. नाळ अजून पडलेली नाही. ती पडेपर्यंत फक्त ओल्या मऊ फडक्याने पुसायचं आणि नाळ कोरडी ठेवायची. तुळजाबाई हळद-तेल घेऊन आल्या होत्या. रेश्माने लावू दिलं नाही, डॉक्टर नको म्हणालेत म्हणून. तुळजाबाई म्हणाल्या, मग मी येतेय कशाला, वारा घालायला? त्यांनी धुरीसाठी शेगडी पेटवून आणली होती. रेश्मा म्हणाली, धूर बाळाच्या छातीत जातो, अहो, ती शेगडी जरा बाहेर ठेवा.

ठेवली. निखारे एकदम फर्स्ट क्लास होते. वाया कशाला घालवायचे. परसात रताळी होती, ती भाजली. खाऊन आत आलो तर पुसून, गुंडाळून बाळ झोपलेलं.

तरी थिअरी झाली असं धरायला हरकत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

बारसं. मला फक्त पाळण्याला लावायच्या माळा आणायला पोलादपूरला पाठवलं. हैबतीच्या टेम्पोची बॅटरी उतरली होती. मित्र आहे, धक्का मारायला नको? टेम्पो चालू झाला तो थेट आंबेनळी घाटाकडे, कारण हैबतीला उतारावर ब्रेक बघायचे होते. ब्रेक चांगले आहेत.

मुलाचं नाव ओजस. मला ते मेहुणीच्या स्टेटसवरून कळलं. छान नाव आहे. मीही साधारण तेच सुचवणार होतो.

माळा आणल्या. पाळण्याला नाही लागल्या, पण बाइकला लावल्यात. शोभतात.

९ फेब्रुवारी, रविवार. कापडे.

नाळ पडली. जागाही सुकली. आज खरी आंघोळ, आणि मी वेळेवर. फोन मुद्दाम बाइकच्या डिकीत ठेवला. (डिकीचं लॉक खराब आहे. दोनदाच बघून आलो.)

पद्धत अशी. बाई पाटावर बसते, दोन्ही पाय सरळ पुढे लांब करते. त्या पायांवर बाळ. आधी उताणं, मग पालथं. पालथं असताना तोंड एका बाजूला, नाक मोकळं. पाय हाच टब. काय डोकं आहे! वॉशिंग सेंटरवर रॅम्प असतो ना, सेम तेच.

रेश्मा शेजारी खुर्चीवर बसून एकेक सांगत होती. खिडकी बंद, पंखा बंद. टॉवेल, दुपटं, झबलं सगळं आधी हाताशी. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. कोपर बुडवून बघायचं, बोटाने नाही. डोळे वेगवेगळ्या कापसाने, नाकाकडून कानाकडे. कानात, नाकात तेलाचा थेंब नाही. मान, काख, जांघ, जिथे घडी तिथे मळ, तिथे पुसून कोरडं. आणि काहीही झालं, घर पेटलं तरी, एक हात बाळावर. दोन भांडी पाण्यातसुद्धा पोर बुडतं, म्हणाली.

तुळजाबाई म्हणाल्या, एवढी शाळा मला कुणी घेतली नव्हती, तरी पोरं जगली. रेश्मा म्हणाली, मावशी, तुमचा हात तरी कधी सुटला का बाळावरनं? तुळजाबाईंनी आपल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाल्या, ते मात्र नाय.

सगळं पाठ. लिहून काढायची गरज नव्हती.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दासगाव.

प्रॅक्टिस. मोरीत पाट टाकून बसलो, पाय लांब केले. गुडघे खाली टेकत नाहीत. मांडीच्या मागची शीर अशी ताणली की ओरडलो. आप्पा आले. म्हणाले, काय रे, पाय मोडलाय काय? मी म्हटलं, नाही, रॅम्प करतोय. आप्पा निघून गेले. आप्पा कमी बोलतात. शेतातल्या माणसाचं असंच असतं.

पाय सरळ होईनात म्हणून खाली उशी घेतली. उशी भिजली. मग बाळाच्या जागी काय घ्यायचं? परसातली एक पपई तोडली. वजन बरोबर ओजसइतकं, आप्पांनी हाताने तोलून सांगितलं. तेल लावलं. तेलाने पपई म्हणजे मासळीच. पालथी करताना सुटली, मोरीच्या कठड्यावर आपटली.

आप्पा परत आले. विचारलं, डोकं कुठल्या बाजूला होतं? मी म्हटलं, देठाकडे. म्हणाले, मग डोकं फुटलंय.

संध्याकाळी पपई खाल्ली. देठाकडचा भाग दोघांनीही तसाच ठेवला.

दुसरी पपई उद्या. उद्या जमणार. दोष पपईचा होता, तिला मान नसते. बाळाला धरायला मान असते, म्हणून बाळ सोपं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

आज मोठी आयडिया आली. महाड-पोलादपूरमध्ये घरोघरी बाळं आहेत आणि तुळजाबाई किती? अशा बाया आता कमी होत चालल्यात. म्हणजे धंदा! ओंकार बेबी वॉश. घरपोच सेवा. जेंट्स असलो तरी हायजीन. हैबतीच्या टेम्पोवर बॅनर लावायचा. आज दिवसभर हैबतीच्या मोबाइलवर बॅनर केला. एका बाजूला माझा फोटो, दुसऱ्या बाजूला ओजसचा, मध्ये बुडबुडे.

रेश्माला पाठवला. तिचा फोन आला. पहिलं वाक्य: ओम्या, तू आतापर्यंत किती पोरांना न्हाऊ घातलंस?

मी म्हटलं, पपई धरून की न धरता?

तिने फोन ठेवला. नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. कापड्याला नेटवर्क धड नाहीच.

मूळ प्रॅक्टिस आज राहिली. पण बॅनर म्हणजे एक प्रकारे प्रॅक्टिसच.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

मला एक कळत नाही. बायका रोज पाणी तापवतात, गार मिसळतात, कोपर बुडवतात, एवढा खटाटोप. आणि इथे दासगावच्या पलीकडे सव गावात जमिनीतून गरम पाणी येतंय! देवाने तापवलेलं. त्वचेच्या रोगाला तर लोक लांबून येतात. ओजसच्या गालावर बारीक पुरळ आलंय, परवा रेश्मा म्हणाली होती. डॉक्टर म्हणाले आपोआप जाईल. आपोआप कशाला जाऊ द्यायचं, बाप आहे ना.

सकाळी सवला गेलो. दुधाची मोठी किटली भरली, गोणपाटात गुंडाळली, बाइकला दोरीने बांधली. पोचेपर्यंत बरोबर कोमट होईल असा हिशोब. हिशोब पक्का होता. पोलादपूरला हैबती भेटला नसता तर.

हैबती स्ट्रॉबेरीच्या क्रेट आणायला वर महाबळेश्वरला चालला होता. एकटाच. घाटात एकट्या ड्रायव्हरला झोप येते. माणुसकी म्हणून गेलो. किटली टेम्पोत घेतली, गार होऊ नये म्हणून पायात धरली. वर थंडी. पाण्याने पाय मात्र छान शेकले.

कापड्याला पोचलो दुपारी. मामींनी झाकण उघडलं आणि मागे सरकल्या. तुळजाबाई अजून होत्या, चहा पीत होत्या. म्हणाल्या, जावई, ह्यात अंडी उकडलीत काय ओ?

गंधक असतो त्यात. तोच तर गुण.

रेश्माने एवढंच विचारलं की ह्यात माणसं आंघोळ करतात का. मी म्हटलं, हो, खूप. लांबून येतात, अंगावर काय काय असलेली.

मामींनी पाणी माडाला घातलं.

स्ट्रॉबेरी मात्र सगळ्यांनी खाल्ल्या. म्हणजे फेरी फुकट गेली नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

काही नाही. पाय दुखतोय. आप्पांनी तेल गरम करून दिलं. विचारलं, रॅम्प झाला का.

२३ फेब्रुवारी, रविवार. कापडे.

आज पहिला प्रत्यक्ष प्रयत्न. मामी शेजारी, तुळजाबाई समोर, रेश्मा खुर्चीवर. एवढा बंदोबस्त घाटात ट्रक उलटला तरी नसतो.

पाणी बघायला म्हणून बादलीत पाय घातला. तिघी एकदम ओरडल्या. मी म्हटलं, माझा कोपर रफ आहे, इंजिनवर भाजून भाजून त्याला काही कळत नाही, पाय नाजूक आहे. रेश्मा म्हणाली, पाणी फेका, बादली घासा. अहो म्हणाली. मामी होत्या ना.

दुसरी बादली. ओजस पायांवर. एवढासा. पपईपेक्षा एकदम वेगळा. पपई बघत नाही तुमच्याकडे. हा बघतो. मी जरा गडबडलो.

वरून खाली यायचं हे मला माहीत होतं, टपापासून चाकापर्यंत. डोकं झालं. मान झाली. तेवढ्यात डिकीत फोन वाजला. आज फोन डिकीतच होता, नियम पाळला होता. पण रिंगटोनवरून कळलं हैबतीचा आहे. हैबती अशा वेळी फोन करत नाही, म्हणजे काहीतरी असणार. मी फक्त मान वळवली. मानेबरोबर खांदा वळला. खांद्याबरोबर हात.

मामींचा हात आधीच खाली होता. त्यांनी कधी घातला, कळलं नाही. ओजसला काही झालं नाही, तो रडलाही नाही. रेश्मा रडली. खूप नाही. म्हणाली, उठ.

हैबतीने विचारायला फोन केला होता की बॅनरवर बुडबुडे निळे करू की गुलाबी.

मार्क देतो मी स्वतःला. पन्नास टक्के. पाण्याचा भाग सोडला तर.

घरी येताना गाडी कुठेही थांबवली नाही. मधमाश्यांवाला नाक्यावर होता. हात केला त्याने. थांबलो नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.

उपास. देवळात गेलो. पिंडीवर अभिषेकपात्र टांगलेलं, थेंब थेंब पाणी, कुणाचा हात लागत नाही. बघत बसलो आणि डोक्यात लाइट लागला. माझी अडचण काय? एक हात बाळावर पाहिजे, दुसरा हात तांब्याला अडकतो. तांब्या टांगला तर? दोन्ही हात बाळावर! मग हात सुटेलच कशाला?

घरी आलो. आप्पांचा तांब्याचा मोठा तांब्या घेतला. खिळ्याने बुडाला भोक पाडलं. मोरीच्या वर आडव्या वाशाला दोरीने बांधला. खाली स्वतः बसलो, पाय लांब करून. पाय आता बऱ्यापैकी सरळ होतात, हे नमूद करतो.

पाणी भरताना गरम होतं. थेंब थेंब खाली येईपर्यंत गार. डोक्यावर पडत होतं. हे असं बाळाच्या टाळूवर पडलं असतं, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण भोक मोठं कसं करता येईल याचा विचार चालू होता.

आप्पा आले. वर बघितलं. म्हणाले, तुझ्या आयशीच्या माहेरचा तांब्या हाय तो.

मग माझ्या समोर उकिडवे बसले. म्हणाले, हात दाखव. बोटं बघितली, नखं बघितली. आत गेले, नेलकटर आणून दिला.

मला वाटलं नव्हतं आप्पांना एवढा इंटरेस्ट असेल.

१ मार्च, शनिवार.

रेश्माचा फोन. शेवटचा चान्स, गुरुवारी. तिने ठरवलंय. नाही जमलं तर गणपती. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

म्हणाली, मला काय तिकडं यायचं नाय असं वाटतं का तुला? इथं आईची कंबर धरलीय. मलाच कसंसं होतं.

नखं कापली. फोन घरी ठेवून जाणार, डिकीत नाही. हैबतीला सांगून टाकलं, गुरुवारी मेलास तरी मला सांगू नकोस. तो म्हणाला, बरं. बेबी वॉशचा बॅनर काढून टाक म्हटलं. म्हणाला, लावलाच नव्हता, तू येणार नाहीस हे माहीत होतं.

लोक आपल्याला किती ओळखतात. चुकीचं, पण किती.

६ मार्च, गुरुवार. कापडे, नंतर दासगाव.

सविस्तर लिहितो, कारण यावर वेगवेगळी मतं आहेत.

आप्पा म्हणाले, मी पण येतो, नातवाला बघून बरेच दिस झाले. मागे बसवून नेलं. वाटेत कुठेही थांबलो नाही. आप्पा मागे असले की थांबावंसं वाटतच नाही.

सगळी तयारी मी केली. रेश्मा नुसती बघत होती. गार आधी, गरम नंतर. कोपर, आणि माझ्या कोपराला चक्क कळलं. खिडकी बंद, पंखा बंद. टॉवेल, दुपटं, झबलं उजव्या हाताला. पाटावर बसलो. पाय सरळ. तुळजाबाई उलट्या बादलीवर बसून म्हणाल्या, अगो बाय, पाय तर बघा जावयाचे, नऊवारी नेसवा आता.

ओजस पायांवर घेतला. डोळे पुसले, दोन वेगळे कापूस. डोकं. मान. कानामागे. काखेत एवढंसं दुधाचं दही अडकलं होतं ते हळूच काढलं. एक हात बाळावर. सतत. रेश्मा एकदा, फक्त एकदा, हं म्हणाली. रेश्माच्या तोंडून हं म्हणजे काय, हे ज्याने लग्न केलंय त्यालाच कळेल.

पालथा केला. पाठ. फक्त पाठ आणि पाय राहिले होते.

आणि बाहेर क्रेन आली.

वळणावर एक टेम्पो गटारात गेला होता, येताना मी बघितला होता आणि थांबलो नव्हतो, याची नोंद घ्यावी. आता क्रेन आली आणि कुणीतरी ओरडलं, चेन बंपरला लाव, बंपरला! हे साफ चूक आहे. बंपरला चेन लावली की बंपर हातात येतो आणि टेम्पो परत खाली. खालच्या बाजूला लोक उभे असणार. हे माहीत असलेला माणूस अख्ख्या कापड्यात त्या क्षणी एकच होता आणि तो पाटावर बसला होता.

मी हात सोडला नाही. हे नीट लिहून ठेवतो. आप्पा दारात उभे होते. मी म्हटलं, आप्पा, जरा धरा, आलोच. आप्पा आले, बसले, त्यांचा हात बाळावर आला, मगच माझा निघाला. नियम मोडलेला नाही. बाळावर एक हात होता. फक्त तो आप्पांचा होता.

साबणाच्या हातांनीच पळत गेलो. मी पोचलो तेव्हा टेम्पो वर आला होता. चेन चेसिसला लावली होती, बरोबर. बंपरबद्दल ओरडणारा दत्ताराममामा होता, माझा सासरा, आणि त्याचं कुणी ऐकलं नव्हतं. क्रेनवाला म्हणाला, ओ साबणवाले, बाजूला व्हा.

परत आलो. मोरी रिकामी. आतल्या खोलीत आप्पा बसलेले, मांडीवर ओजस, दुपट्यात गुंडाळून झोपलेला. नुसतं नाक दिसत होतं. आप्पांचं धोतर ओलं.

तुळजाबाई म्हणाल्या, अशी पाठ मला धुता येत नाय. माझ्याकडे बघून म्हणाल्या, जावई, तुम्ही टेम्पोच धुवा.

मग आप्पांनी सांगितलं, जमिनीकडे बघत. मी महिन्याचा असताना आईला टायफॉइड झाला होता. तिला माझ्यापासून लांब ठेवलं. घरात दुसरी बाई नाही. आप्पाच रोज न्हाऊ घालायचे, दार लावून. गाव हसला असता म्हणून. कुणाला सांगितलं नव्हतं, आईनेही नाही. म्हणाले, हा लय शांत हाय. तू वळवळायचास.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर? पपया वाचल्या असत्या. तांब्या वाचला असता. पण मी म्हटलं, आप्पा, मग मला शिकवलं का नाही? ते म्हणाले, तू विचारलंस कधी? नि शिकवायला बसलो असतो तर तू थांबला असतास?

रेश्मा माझ्याशी बोलली नाही. आप्पांशी बोलली. म्हणाली, आप्पा, रविवारी येऊ का? आप्पा म्हणाले, ये गो.

म्हणजे येतेय! रविवारी! गणपतीची वाट बघायला नको. एकूण प्लॅन यशस्वी झाला. फक्त त्यात मी नव्हतो.

निघताना रेश्माने बोलावलं. मामी समोर होत्या, तरी अहो नाही म्हणाली. म्हणाली, ओम्या, आप्पांच्या भरवशावर येतेय. तुझं काम एकच, टॉवेल. आंघोळ सुरू होण्याआधी टॉवेल हातात घेऊन उभं राहायचं. जमेल?

विचारायची पद्धत मला आवडली नाही. टॉवेल काय कुणीही धरेल.

९ मार्च, रविवार. दासगाव.

आली. ओजस आला. घरात एकदम दुधाचा वास. आप्पांनी सकाळीच मोरी घासली, गरम पाण्याने. मी पाळणा बांधला. पक्का बांधला. तीनदा तपासला.

उद्या सकाळी आंघोळ. टॉवेल नवीन आहे, पांढरा, मऊ. धुऊन उन्हात वाळवून उशाशी ठेवलाय.

१० मार्च, सोमवार.

टॉवेल होता. हातात होता. पाणी काढायला आप्पांना थोडा वेळ लागत होता, तेवढ्यात अंगणात गेलो. बाइकच्या सीटवर कावळ्याने घाण केली होती. हातात टॉवेल होता.

आतून आप्पांची हाक आली, आण. बाळ ओलं, दोन्ही हातात, पाणी गळतंय. मी टॉवेल पुढे केला. आप्पांनी बघितला. रेश्मानेही बघितला. ओजसने हुडहुडी भरल्यासारखा ओठ काढला.

मी शर्ट काढला. त्याशिवाय कोरडं काही नव्हतं. रेश्मा येणार म्हणून नवीन घातलेला. त्यात गुंडाळला, वरून रेश्माने दुपटं टाकलं, आणि आप्पांनी बाळ माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. म्हणाले, अंगाची ऊब दे. बस तिथं.

बसलो. भिंतीला टेकून. ओजस थोडा कुरकुरला, मग झोपला. मूठ माझ्या गळ्याजवळ. हलायचं म्हटलं की मूठ आवळतो.

शिमग्याची पालखी आज गावात फिरतेय. ढोल लांबून ऐकू आले, मग जवळ, मग दारासमोर. आप्पा गेले, रेश्मा दारात उभी राहिली. पोरं नाचत होती, हे आवाजावरून कळलं. कुणीतरी ओरडलं, ओंकार, ये रे! रेश्माने मागे वळून माझ्याकडे बघितलं. ढोल पुढे गेले. मग वळणापलीकडे.

मला पालखी दिसली नाही. फोन खिडकीत होता, वाजून वाजून बंद पडला. खांद्याला मच्छर चावत होता. एका पायाला मुंग्या आल्या.

मग पोटावर एकदम कोमट लागलं. आणि पसरत गेलं. नवीन शर्ट.

उठलो नाही.